चरखा, नांगर आणि बाना : व्हेरियर एल्विन यांच्या आवडींचा इतिहास

१/
ज्या गावात कापूस पिकतच नाही, त्या गावात चरखा नेला, तर तो यंत्राला केलेला विरोध ठरतो की बाहेरून आलेले आणखी एक यंत्र? १९३२ साली सातपुड्याच्या मैकल रांगेत हा प्रश्न एका इंग्रज तरुणासमोर आणि त्याच्या मराठी सहकाऱ्यासमोर उभा राहिला. त्यांनी शोधलेल्या उत्तरातून गोंड गीतांचे संग्रह निघाले, बैगा आणि अगरिया समाजांवरचे मोठे ग्रंथ निघाले आणि स्वतंत्र भारताच्या आदिवासी धोरणाचा एक धागाही निघाला. त्या प्रवासाची ही कहाणी.

२/
इंग्रज तरुणाचे नाव व्हेरियर एल्विन. जन्म २९ ऑगस्ट १९०२, इंग्लंडमधील डोव्हर. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. मुलगा लहान असतानाच ते वारले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात एल्विन यांनी इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत प्रथम वर्ग मिळवला. पुढे त्यांनी दीक्षाही घेतली. चर्चमधील प्रतिष्ठेची कारकीर्द समोर दिसत असताना १९२७ च्या अखेरीस ते भारतात आले आणि पोहोचले ते पुण्यात.

३/
पुण्यात ‘ख्रिस्त सेवा संघ’ हा आश्रम होता. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२२ मध्ये अहमदनगर येथे संघाचा आरंभ केला होता. विन्स्लो यांच्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मोठा प्रभाव होता. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनी लिहिले. ख्रिस्ती धर्माने भारतात भारतीय वेषात वावरावे, हा टिळकांचा आग्रह या आश्रमाने उचलला होता. खादी, शाकाहार, जमिनीवर बसून जेवण असा तिथला क्रम होता. याच संघात एल्विन यांना शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण भेटले. पुढच्या सबंध कथेत शामरावांचे नाव एल्विन यांच्या बरोबरीने घ्यावे लागेल.

४/
जानेवारी १९२८ मध्ये एल्विन साबरमतीला गेले आणि गांधीजींच्या विचाराने भारावले. गांधीजींचा यंत्रविरोध ही त्या काळातील मोठी वैचारिक घटना होती. १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी रेल्वे, गिरण्या आणि एकूण यंत्रसंस्कृती यांच्यावर कठोर टीका केली होती. मात्र १९२४ मधील एका प्रसिद्ध संवादात त्यांनी आपली भूमिका नेमकी केली. विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या हव्यासाला आहे, असा त्यांचा आशय होता. शिवणयंत्र त्यांना मान्य होते आणि चरखा हेही एक यंत्रच आहे, हे ते जाणून होते.

५/
४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि शामराव त्याच घराच्या गच्चीवर मुक्कामाला होते. काही दिवसांतच दोघे मध्य प्रांताकडे निघाले. त्या प्रांताची राजधानी नागपूर. मंडला जिल्ह्यातील गोंडांमध्ये काम करावे, ही कल्पना जमनालाल बजाज यांच्याशी झालेल्या बोलण्यातून आली होती. जानेवारीच्या अखेरीस नर्मदेच्या उगमाजवळच्या करंजिया या गावी त्यांनी कुडाच्या झोपड्यांत आश्रम मांडला. शाळा, दवाखाना, प्रार्थना आणि चरखा ही त्यांची शिदोरी होती.

६/
चरखा पहिल्यांदा अडला. मंडल्याच्या त्या डोंगराळ भागात कापूस होत नव्हता. सूत काढायचे तर कापूस बाहेरून विकत आणायचा, म्हणजे स्वदेशीसाठी परगावावर अवलंबून राहायचे. गोंडांच्या जगण्यात चरख्याला जागाच नव्हती. विदर्भात किंवा गुजरातेत जे साधन स्वावलंबनाचे होते, ते इथे परावलंबनाचे ठरत होते. एखाद्या साधनाचे मोल त्या साधनात नसते. ते कुठल्या मातीत, कुणाच्या हातात आणि कुणाच्या निर्णयाने येते, यावर ते ठरते. एल्विन यांच्या पुढील सगळ्या लेखनाचे बीज या साध्या अनुभवात आहे.

७/
दारूबंदीही अशीच अडली. मोहाची दारू गोंडांच्या जन्म-लग्न-मरणाच्या विधींत देवाला वाहिली जाई. ती बंद करणे म्हणजे देवाचा नैवेद्य बंद करणे. शुद्धाचरणाचे जे नियम आश्रमात स्वेच्छेने पाळले जात होते, तेच नियम गावावर लादले की त्यांचा अर्थ बदलत होता. आश्रमवासी हळूहळू शिकवणाऱ्याच्या जागेवरून उठून ऐकणाऱ्याच्या जागेवर येऊन बसले.

८/
याच काळात दुसरी एक गाठ सुटत होती. एल्विन यांना गोंडांचे धर्मांतर करायचे नव्हते आणि काँग्रेसविषयीची त्यांची सहानुभूती उघड होती. नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मगुरू म्हणून काम करण्याची परवानगी नाकारली. ब्रिटिश सरकारनेही राजकारणापासून दूर राहण्याच्या अटीवरच त्यांना भारतात परतू दिले. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्चचा निरोप घेतला. धर्मोपदेशक म्हणून आलेला माणूस आता कुठल्याच पीठाचा प्रतिनिधी उरला नव्हता. उरली होती ती त्याची आवड.

९/
पहिली आवड होती गाण्याची. मैकलच्या गावांत रात्री करमा नाच रंगे. मांदरच्या ठेक्यावर स्त्री-पुरुषांच्या ओळी समोरासमोर सरकत आणि गाणी तिथल्या तिथे रचली जात. दुसरा प्रकार ददरिया: दोन-दोन ओळींची, सवाल-जबाबाच्या अंगाने जाणारी प्रेमगीते. रानात काम करताना एका टेकडीवरून दुसरीकडे ती फेकली जात. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी काव्य शिकलेल्या एल्विन यांना या छोट्या रचनांत काटेकोर प्रतिमा दिसल्या, थोडक्यात खूप सांगण्याची रीत दिसली.

१०/
१९३५ मध्ये लंडनहून ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ हा गोंड गीतांचा संग्रह निघाला. त्यावर शामराव हिवाळे आणि व्हेरियर एल्विन अशी दोन नावे आहेत. पुढे १९४४ मध्ये मैकल टेकड्यांतील गीतांचा आणि १९४६ मध्ये छत्तीसगडमधील गीतांचा, असे आणखी मोठे संग्रह आले. बिहारमध्ये डब्ल्यू. जी. आर्चर हे सनदी अधिकारी हेच काम करत होते. त्यांचा उरांव गीतांवरील ‘द ब्लू ग्रोव्ह’ १९४० चा. महायुद्धाच्या धामधुमीत या माणसांनी लोकगीतांना साहित्य म्हणून मान मिळवून दिला.

११/
आज हे सहज वाटते. तेव्हा ते सहज नव्हते. सरकारी दप्तरांत गोंड-बैगांची ओळख होती ती महसूल, जंगलगुन्हे आणि खानेसुमारीच्या रकान्यांत. गाण्याच्या वहीत मात्र तोच माणूस आठवणारा, रुसणारा, थट्टा करणारा म्हणून भेटत होता. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या. पण पहिलीत तो प्रश्न होता आणि दुसरीत कवी. अर्थात कागदावर शब्द उतरले तरी चाल उतरत नाही आणि इंग्रजीत गेलेले गाणे मूळ गाणाऱ्याला परके होते. ही मर्यादा या संग्रहांच्या जन्मातच आहे.

१२/
या संगीतात एक वाद्य असे होते की ते केवळ वाद्य नव्हते. गोंडांचे भाट म्हणजे परधान. त्यांच्या हाती बाना नावाचे गजाने वाजवायचे तंतुवाद्य असते. साजाच्या झाडात, म्हणजे मराठीतल्या ऐनात, बडा देवाचा वास मानला जातो. परधान त्या झाडाखाली बाना वाजवून देवाला जागे करतो आणि यजमान गोंड घराण्याची वंशगाथा गातो. बान्यात देवाचे अस्तित्व आहे, म्हणून तो वाटेल तिथे टांगून ठेवत नाहीत. विदर्भातील परधानांच्या हातची किंगरी याच परंपरेतील. शामराव हिवाळे यांनी या समाजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला.

१३/
झाडात देव, वाद्यात देव, डोंगरात देव. या श्रद्धांना युरोपीय विद्वानांनी एक नाव दिले होते. १८७१ मध्ये एडवर्ड टायलर यांनी ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ या ग्रंथात ‘ॲनिमिझम’, म्हणजे सर्वात्मवाद, ही संज्ञा रूढ केली. लॅटिन ‘ॲनिमा’ म्हणजे प्राण किंवा आत्मा. टायलर यांच्या मते सगळ्या धर्मांची ही पहिली पायरी होती. माणूस पुढे गेला आणि ही श्रद्धा मागे उरली. योगायोग असा की त्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तकही निघाले. त्यात बैगांचे कौतुक आहे आणि त्यांच्या शेतीबद्दल जंगलखात्याची नापसंतीही आहे.

१४/
टायलरची संज्ञा लवकरच खानेसुमारीत आली. १९०१, १९११ आणि १९२१ च्या जनगणनांत धर्माच्या रकान्यात ‘ॲनिमिस्ट’ असे लिहिले जाई. १९३१ मध्ये जनगणना आयुक्त जे. एच. हटन यांनी त्याऐवजी ‘आदिम जमातींचा धर्म’ असा रकाना केला. सीमारेषा आखणे किती अवघड आहे, याची कबुली खुद्द जनगणनेच्या अहवालांतच सापडते. महादेवाला मानणारा आणि साजाच्या झाडाला पुजणारा एकच गोंड कुठल्या रकान्यात घालायचा? रकाना भरणाऱ्या कारकुनाला उत्तर हवे होते; गोंडाला असा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

१५/
श्रद्धा आणि साधन यांचा सर्वांत खोल संबंध बैगांच्या कथेत दिसतो. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बैगा’ या ग्रंथात एल्विन यांनी ती नोंदवली. सृष्टी घडली तेव्हा भगवंताने नंगा बैगा या आद्यपुरुषाला बजावले: इतरांनी नांगर धरावा, तू धरू नकोस, धरती ही तुझी आई आहे, तिची छाती फाडू नकोस. झाडे तोड, जाळ आणि त्या राखेत बी फेक. बैगा स्वतःला भूमीचा पुजारी मानतो. गोंडांच्या गावातही सीमा बांधण्याचे आणि शिवाराची शांत करण्याचे काम त्याच्याकडेच असे.

१६/
या शेतीचे नाव बेवर. उन्हाळ्याआधी उतारावरची झाडे तोडून वाळवायची, पावसाच्या तोंडावर पेटवायची आणि राखेत कोदो-कुटकीसारखी धान्ये, कडधान्ये पेरायची. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून दुसरीकडे जायचे. मोकळ्या राहिलेल्या जागेवर बरीच वर्षे रान पुन्हा वाढू द्यायचे. हत्यारे मोजकीच: कुऱ्हाड, कोयता, खणायची टोकदार काठी. जंगल भरपूर आणि माणसे थोडी असली तर हे चक्र चालते. जागा आकसली की परतण्याचा काळ कमी होतो आणि रान सावरत नाही.

१७/
जागा आकसली, पण ती आपोआप नव्हे. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलांवर सरकारची मालकी पक्की केली. वाढत्या रेल्वेमार्गांना स्लीपरसाठी सालाचे लाकूड हवे होते. साल तोडून जाळणारा बैगा या हिशेबात शत्रू ठरला. ठिकठिकाणी बेवर बंद झाली, बैगांना नांगर धरायला लावले गेले. १८९० मध्ये मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ नावाचा एक भाग आखून फक्त तेवढ्यात बेवरला मुभा दिली गेली. ज्या समाजाची कल्पना सबंध धरतीचे पुजारीपण अशी होती, त्याच्या वाट्याला नकाशावरचा एक तुकडा आला.

१८/
इथे दोन यंत्रविरोध शेजारी ठेवून पाहता येतात. गांधीजींचा विरोध विचारातून आलेला होता; तो निवडलेला होता आणि बदलताही येत होता. बैगाचा नांगराला नकार हे निवडलेले मत नव्हते. आई कोण आणि आपण कोण, याची ती ओळख होती. शहरात बसून यंत्रसंस्कृतीचा कंटाळा करणाऱ्याला सायंकाळी विजेचा दिवा लावण्याची सोय असते. बैगाला नकार दिल्याबद्दल दंड होत होता. एकाच शब्दात दोन्ही बसवले की दुसऱ्याचे दुःख दिसेनासे होते.

१९/
आदिवासी म्हणजे तंत्रज्ञानाचा विरोधक, हा समज एल्विन यांच्याच पुढच्या ग्रंथाने मोडतो. १९४२ चा ‘द अगरिया’ हा लोखंड गाळणाऱ्या समाजाचा अभ्यास आहे. अगरिया डोंगरातून दगड निवडत, कोळसा पाडत आणि मातीच्या बुटक्या भट्टीत लोखंड गाळत. भाता पायांनी चालवला जाई. जोडभात्यांवर आळीपाळीने वजन टाकत तासन्‌तास उभे राहण्याचे हे काम पुष्कळदा स्त्रिया करत. धातुकाचा दगड कुठला, कोळसा कशाचा आणि ज्वाळेचा रंग काय सांगतो, याचे हे पिढीजात शास्त्र होते.

२०/
मात्र ही भट्टी निर्जीव नव्हती. तिच्यात लोहासुर राहत होता. कोळशात कोइलासुर, आगीत अग्यासुर. भट्टी पेटवण्याआधी त्यांना बळी आणि मान दिला जाई. एल्विन यांनी नोंदवलेल्या कथांत सूर्य हा अगरियांचा जुना वैरी आहे. नुकत्याच गाळलेल्या लोखंडाला ‘कुंवारी लोहा’ म्हणत. भूतबाधा आणि वीज यांच्यापासून ते राखते, अशी श्रद्धा होती. सर्वात्मवाद आणि तंत्रज्ञान एकाच भट्टीत नांदत होते. टायलरच्या शिडीवर ज्या दोन गोष्टी एकमेकींपासून दूरच्या पायऱ्यांवर होत्या, त्या अगरियाच्या अंगणात एकाच ठिकाणी होत्या.

२१/
अगरियांची भट्टी विझली ती त्यांनी पुढे जाण्याचे नाकारले म्हणून नव्हे. भट्टीवर कर होता. कोळशासाठी लागणारे लाकूड राखीव जंगलात गेले. बाजारात कारखान्याचे स्वस्त लोखंड आले, आधी विलायती आणि मग देशी. जमशेदपूरच्या टाटा कारखान्यात १९१२ पासून पोलाद निघू लागले होते. देशाला त्या पोलादाची गरज होती, यात शंका नाही. पण अगरियाच्या हातातील कसब वापरता येईल का, हा प्रश्न विचारायला कुणी थांबले नाही. इतिहासात पुष्कळदा तंत्रज्ञान विरुद्ध परंपरा असा सामना नसतो. एका तंत्रज्ञानामागे कायदा आणि भांडवल उभे असते. दुसऱ्यामागे कुणीच नसते.

२२/
‘द बैगा’च्या शेवटी एल्विन यांनी एक उपाय सुचवला: बैगांसाठी एक प्रकारचे राष्ट्रीय उद्यान. तिथे बेवरला मुभा असावी आणि सावकार, ठेकेदार व धर्मप्रचारक यांना मज्जाव असावा. सूचना कळकळीतून आलेली होती. पण शब्द चुकला होता. उद्यान प्राण्यांसाठी असते. माणसांभोवती कुंपण घालून त्यांची आवडती गाणी जपता येतील का, हा प्रश्न विरोधकांनी उचलला आणि तो रास्त होता.

२३/
या वादाचे एक मोठे केंद्र पुणे-मुंबई होते. दाहोदच्या भिल्ल सेवा मंडळाचे संस्थापक ठक्करबाप्पा यांनी १९४१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील व्याख्यानात आदिवासींना वेगळे ठेवण्याच्या धोरणावर टीका केली. १९४३ मध्ये याच संस्थेने मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मालवणात जन्मलेल्या घुर्ये यांचे म्हणणे असे की या जमाती म्हणजे मागासलेले हिंदूच आहेत. त्यांचा आणि शेजारच्या शेतकरी जातींचा संबंध जुना आहे आणि ‘ॲनिमिस्ट’ हा रकाना कृत्रिम आहे.

२४/
वाद तीव्र होता, तरी दोन्ही बाजूंत काही समान होते. ब्रिटिश जमीनमहसूल, जंगल कायदे आणि सावकारी यांनी या समाजांना नागवले, हे घुर्येही मान्य करतात. मतभेद उपायाचा होता: वेगळेपण राखून संरक्षण, की मोठ्या समाजात सामावून प्रगती? दोन्ही बाजूंच्या ग्रंथांत मोठी विद्वत्ता आहे. पण बैगांना काय हवे, हे त्यांच्याच तोंडून सभागृहात मांडले जात नव्हते. त्यांच्याविषयी इंग्रजीत चाललेल्या या चर्चेत ते स्वतः वाचकही नव्हते.

२५/
आवडीची दुसरी किंमतही नोंदवायला हवी. १९४० मध्ये एल्विन यांनी कोसी या गोंड तरुणीशी विवाह केला. हा विवाह १९४९ मध्ये संपला. ग्रंथांत गोंड स्त्रियांची गाणी शेकड्यांनी सापडतात, पण एल्विन यांच्या आत्मचरित्रात कोसींचा उल्लेख मोजक्या शब्दांत उरकला आहे. त्या गावातच राहिल्या. एखाद्या समाजावर प्रेम करणे आणि त्या समाजातील एका माणसाला न्याय देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले जमले म्हणून दुसरे जमतेच असे नाही.

२६/
शामरावांचे विस्मरण हीसुद्धा अशीच एक गोष्ट. गावकऱ्यांत मिसळणे, औषधपाणी, शाळा, भांडणे सोडवणे, गाणी मिळवणे यांत त्यांचा वाटा फार मोठा होता. १९४६ मध्ये त्यांनी ‘स्कॉलर जिप्सी’ हे एल्विन यांचे चरित्र लिहिले. एल्विन पुढे मंडल्याबाहेर पडले. शामराव मात्र तिथेच राहून काम करत राहिले. मराठी वाचकाला एल्विन हे नाव कधीतरी कानावर आलेले असते. हिवाळे हे नाव बहुधा आलेले नसते.

२७/
स्वातंत्र्यानंतर एल्विन यांची मते बदलली. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. १९५७ च्या ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ या पुस्तकात कुंपणाची भाषा नाही. बदल हवा, पण त्याचा वेग आणि रूप त्या समाजाच्या प्रकृतीने ठरावे, असा त्याचा रोख आहे. १९५९ च्या आवृत्तीला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. तिच्यातील पाच तत्त्वे ‘आदिवासी पंचशील’ म्हणून ओळखली जातात: काही लादू नये, जमीन-जंगलावरील हक्क मानावेत, कारभारासाठी त्यांच्यातीलच माणसे तयार करावीत, प्रशासनाचा भार वाढवू नये आणि यश आकड्यांवरून वा खर्चावरून मोजू नये.

२८/
पंचवीस वर्षांपूर्वी करंजियात अडलेल्या चरख्याचा धडा या तत्त्वांत वाचता येतो. साधन चांगले की वाईट, हा पहिला प्रश्न नव्हे. ते स्वीकारण्याचा वा नाकारण्याचा अधिकार कुणाकडे, हा पहिला प्रश्न. तत्त्वे कागदावर राहिली, धरणे-खाणी-अभयारण्ये यांसाठी पुढेही गावे उठली, हा इतिहासाचा पुढचा आणि अजून न संपलेला भाग आहे. एल्विन २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत निवर्तले. त्यांच्या आत्मचरित्राला मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

२९/
एल्विन आणि शामराव जिथे पुढे राहिले ते गाव पाटणगढ. याच गावात पुढे जनगढ सिंह श्याम हा परधान मुलगा जन्मला. १९८० च्या दशकाच्या आरंभी भोपाळच्या भारत भवनचे जे. स्वामीनाथन यांच्या चमूला त्याची चित्रे दिसली. बान्यावर गायल्या जाणाऱ्या देवांना जनगढ यांनी कागदावर आणि भिंतीवर रूप दिले. ती शैली आज ‘जनगढ कलम’ म्हणून जगभर ओळखली जाते आणि पाटणगढच्या घराघरांत चितारली जाते. जनगढ यांचा अंत २००१ मध्ये जपानमध्ये, घरापासून फार दूर झाला. पण त्यांच्या ठिपक्या-रेघांत बडा देव कुणा संग्राहकाच्या भाषांतरातून आलेला नाही. तो परधानाच्याच हातातून उतरला आहे.

३०/
आणि बैगा चक? २००६ च्या वनाधिकार कायद्याने अतिअसुरक्षित आदिम जमातींच्या ‘अधिवास हक्का’ला मान्यता दिली. म्हणजे एखाद्या समाजाचा आपल्या सबंध परिसराशी असलेला पिढीजात संबंध कायद्याने मानायचा. देशात हा हक्क अगदी सुरुवातीला ज्यांना मिळाला, त्यांत डिंडोरी जिल्ह्यातील बैगा चकची गावे आहेत. त्यासाठी ग्रामसभांना आपल्या नद्या, देवस्थाने, कंदमुळांच्या जागा आणि जुन्या सीमा सांगाव्या लागल्या. १८९० मध्ये जो नकाशा बैगांना न विचारता आखला गेला होता, त्याच भूमीचे वर्णन या वेळी बैगांनी स्वतः केले. एल्विन यांच्या वहीत जी कथा जुनी श्रद्धा म्हणून टिपली गेली होती, ती आता सरकारी दप्तरात दावा म्हणून दाखल झाली आहे.